नानांनी सोडलेली जिलबी

नाना,
ओट्यावर पोहे झाकून ठेवलेत, शेजारी जिलबी आहे. खुशाल खा. तुम्हाला शुगर नाहीये, कधी नव्हतीच.

त्या दिवशी रक्त दिलंत ते शुगरसाठी नव्हतं. पुढे स्मरणशक्ती कमी होण्याचा धोका किती, याचा अंदाज देणारी ती टेस्ट होती. खरं सांगितलं असतं तर तुम्ही लॅबवाल्याला होळकरांच्या फौजेतल्या पणजोबांचे किस्से ऐकवून रक्त न देताच परत आला असता, म्हणून मी शुगर म्हणालो. तुम्ही इमानदारीत जिलबी सोडलीत, कारल्याचा रस सुरू केलात, वर बागेतल्या सगळ्या मित्रांनाही पाजलात. शर्माजींचं तोंड अजून वाकडं आहे. ते पाप माझंच.

रिपोर्ट आलाय. धोका थोडा जास्त दाखवतोय. डॉक्टर म्हणाले, म्हणजे आजार झालाच असं नाही, पण त्यांना घेऊन या. राऊच्या कॉलेजात माझा पेपर आहे, तो देऊन चारला येतो. मग दोघं जाऊ. या वेळी कुठे नेतोय ते आधीच सांगितलंय.

तोवर माझ्यावर मनसोक्त रागवा. मी येईपर्यंत विसरलात, तर मी स्वतः आठवण करून देईन.

जयेश