आत्यांच्या वॉर्डचा कचरा

३ मार्च, सोमवार
आमच्या बेटावरच्या हॉस्पिटलात क्वालिटी ऑफिसर म्हणून पहिला दिवस. ऑकलंडच्या कोर्समध्ये शिकवलं ते सोपं आहे. जखम वेळेत, नीट भरली की ड्रेसिंग कमी लागतं, कचरा कमी होतो, कचरा जाळायच्या भट्टीचं डिझेल वाचतं, बेटावर धूर कमी होतो. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार. आधी कचरा कमी करायचा, चांगलं काम ओघाने येईलच. यात काही चूक आहे का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

७ मार्च, शुक्रवार
सगळ्या वॉर्डांना सांगितलं, पिवळ्या पिशव्यांतला, म्हणजे वापरलेल्या पट्ट्या-हातमोज्यांचा कचरा निम्म्यावर यायला हवा. सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज म्हणजे माझ्या आत्याच, वडिलांची थोरली बहीण. त्यांना सांगताना घाम फुटला. "निम्मा? बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शर्टाचं बटण लाव."

११ मार्च, मंगळवार
माका ॲडमिट. शाळेपासूनचा दोस्त, बोट चालवतो. प्रवाळाने पाय कापला, त्यात साखरेचा आजार. आत्यांच्याच वॉर्डात. मला बघून ओरडला, "आले बघा कचरासाहेब! जेवण तरी पूर्ण देता का, की तेही निम्मं?" वॉर्डभर हशा. मीही हसलो. मोठेपणा असाच सांभाळावा.

१६ मार्च, रविवार
रविवारी काम करू नये. पण आकडे नुसते पाहणं म्हणजे काम नव्हे. आत्यांच्या वॉर्डचा कचरा निम्म्याहून खाली! चर्चमध्ये दुसऱ्या प्रार्थनेत लक्ष लागलं नाही, त्याबद्दल क्षमा मागितली.

१८ मार्च, मंगळवार
वॉर्डात गेलो. वापरलेले हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातलेले. माकाच्या पट्टीवर पिवळट डाग. तो कुजबुजला, "अरे, ही शनिवारची पट्टी आहे. आत्यांना सांग ना." मी म्हटलं, तूच सांग. "तुझी आत्या आहे, माझी नाही." म्हटलं, म्हणूनच.

आमच्याकडे बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा, तिची चूक काढायची कशी? माझं सालेसी हे नाव त्यांनी ठेवलं, माझ्या तिन्ही मुलांचीही त्यांनीच. त्यांच्यापुढे माझ्या वडिलांचाही आवाज चढत नाही. तरी धीर करून तोंड उघडलं. "आत्या, खुर्ची आणू?" आणली.

डाग औषधाचाही असू शकतो.

२१ मार्च, शुक्रवार
राजधानीहून फोन. आमचं हॉस्पिटल नमुना म्हणून इतर बेटांना दाखवणार. माकाला ताप. दोन्हींचा संबंध नाही. ताप कुणालाही येतो. त्याची बायको लुपे दारात गाठून म्हणाली, "भावजी, पायाला वास येतोय हो." मी सोमवारी आत्यांशी बोलणार. हे ठरलं.

२४ मार्च, सोमवार
आत्यांशी बोललो. चर्चमधल्या गाण्याच्या तालमीबद्दल. मुख्य विषयाकडे वळतच होतो, तेवढ्यात त्या उठल्या.

२७ मार्च, गुरुवार
डॉक्टर फिफितांनी माकाची पट्टी सोडली आणि खिडकी उघडायला सांगितली. पाय गुडघ्याखालून काढावा लागणार.

पट्टी रोज का बदलली नाही, असं त्यांनी आत्यांना विचारलं. आत्या शांतपणे म्हणाल्या, "सालेसीने निम्मं म्हटलं होतं. मला पटलं नव्हतं. पण भावाचा मुलगा ऑफिसर होऊन आला. चारचौघांत त्याला खोटं पाडू?"

सगळे माझ्याकडे वळले. एवढे दिवस मी त्यांचा मान राखत होतो. त्या माझा राखत होत्या. मधे माका झोपला होता.

मी म्हटलं, संवादात थोडी सुधारणा हवी.

३१ मार्च, सोमवार
शुक्रवारी पाय काढला. लुपेने तो मागून घेतला. तिला तो भट्टीत जाऊ द्यायचा नव्हता. चटईत गुंडाळून त्यांच्या वाडीत मीच नेला, खड्डाही मीच खणला. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता.

आज माका बोलला. "खोल खणलंस ना? आमचं कुत्रं फार द्वाड आहे." म्हटलं, हो. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. 

संध्याकाळी महिन्याचा अहवाल पूर्ण केला. घरच्यांनी नेलेला पाय कचऱ्याच्या वजनात धरायचा की नाही, हे नियमांत कुठेच दिलेलं नाही. धरला नाही.