खालच्या मजल्याचा वाटा

मी, सालूद बेर्मेहो कारान्सा, वय वर्षे सत्त्याहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम (आता फक्त स्वतःपुरते), राहणार सान बेर्नार्दो मोहल्ला, सेव्हिया, स्पेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

कलम १. कात्र्या, सुया व उरलेला जरीचा दोरा मोहल्ल्यातल्या शिवणवर्गाला द्यावा. थोरली बहीण रेयेस आणि मी, आम्ही तीस वर्षे बुलफायटरांचे पोशाख शिवले. झुंजीनंतर ते साफ करायला आमच्याकडेच येत. जरीतले रक्त थंड पाण्याने, दात घासायच्या ब्रशने काढावे लागते; गरम पाणी लागले की डाग पक्का बसतो. एका सोमवारी पोशाख आला तो मांडीपासून कमरेपर्यंत भिजलेला. घालणाऱ्याला ओरखडाही नव्हता. सगळे रक्त बैलाचे होते. मी बादलीतले पाणी नऊ वेळा बदलले, आणि पुढच्या रविवारी ‘बुलफाइट बंद करा’ अशी पाटी घेऊन रिंगणाबाहेर उभी राहिले.

कलम २. निवृत्त बुलफायटर एवारिस्तो याला काहीही देऊ नये. भर रस्त्यात त्याने मला सुनावले होते, "शिंपिणीनं सुईच्या टोकापलीकडं बघू नये." त्याच्यासाठी इथे चार शिव्या लिहायचे ठरवले होते. पण परवा तो काठी टेकत रस्ता ओलांडताना दिसला. त्याच्या कमरेचे माप मला अजून पाठ आहे. शिव्या मागे घेते.

कलम ३. घराचा माझ्या मालकीचा खालचा मजला, म्हणजे शिवणाची खोली व मागच्या दोन खोल्या, रेयेसला द्यावा. ती वरच्या मजल्यावर राहते. पाटी धरलेला माझा फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि आमची गिऱ्हाइके एकेक करून गेली. तेव्हा ती म्हणाली, "बैलाचा जीव दिसतो गं तुला, माझं पोट नाही दिसत?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. एकवीस वर्षे झाली. वर तिचे मशीन चालते, खाली मी ऐकत बसते. मशीन मध्येच थांबले, तर दोरा संपला की ती आजारी पडली, या काळजीने मला घास गिळवत नाही. बैलांसाठी उभी राहिले याचा पस्तावा नाही. पण मला तिची फार आठवण येते, आणि ती फक्त एक जिना वर असते. तिने हा वाटा न घेतल्यास तो आमच्या बुलफाइटविरोधी मंडळाला जावा.

कलम ४. बुलफाइटबंदीसाठी जमवलेल्या अकरा हजार सह्यांचे गठ्ठे मंडळाला. सोबत एक कबुली. रिंगणात बँड सुरू झाला की बाहेर पाटी धरलेली असतानाही माझे पाय ताल धरतात. बाबा आम्हा दोघींना उन्हातल्या स्वस्त बाकांवर न्यायचे आणि मधे बसून सूर्यफुलाच्या बिया सोलून द्यायचे. ते सगळे मला परत हवे आहे, फक्त बैल न मारता. ते कसे, हे मला सांगता येत नाही. माझ्यामागे पाटी धरणाऱ्या कोणाचे पाय हलले, तर तिने लाजू नये.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. शेजारी कासिमिरो याने पहिली सही केली. दुसऱ्या साक्षीसाठी मंडळातली निएवेस येणार होती, तिची बस चुकली. कासिमिरो मला न विचारता जिना चढला आणि रेयेसला घेऊन आला. तिने चष्मा लावून सगळे वाचले आणि पेन उचलले.

"अहो, थांबा!" कासिमिरो म्हणाला. "जिला काही मिळणार, तिची साक्ष चालत नाही. सही केलीत तर वाटा गेला. इथं मंडळवाले येऊन बसतील."

"बसू देत. मला बैलांचं काही शिकवू नका म्हणावं," रेयेस म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू गं? खाली तूच नसलीस, तर त्या खोल्या घेऊन मी काय करू?"

कलम ३ मधले तिचे नाव मी खोडले आहे. खालचा मजला मंडळाचा. खाडाखोड माझीच असून पूर्ण शुद्धीत केलेली आहे.

सेव्हिया, १४ मे २०१९

(सही) सालूद बेर्मेहो कारान्सा

साक्षीदार:
१. कासिमिरो ओर्दोन्येस, शेजारी
२. रेयेस बेर्मेहो कारान्सा, सख्खी बहीण. या मृत्युपत्रात लाभ: काही नाही.