वीस मिनिटं पुढे

बिबवेवाडी,
गुरुवार, दुपार

प्रिय भागू,

परवा तू आलीस आणि माझं घर नुसतं भरून गेलं बघ. तीन वर्षांनी एकटी आलीस, तेही न कळवता, हातात काजूकतलीचा डबा आणि बढतीची बातमी. तू गेल्यावर मी तो डबा घेऊन सगळा मजला फिरले. माझी नात आता बारा माणसांच्या वर आहे, हे मी शेजारच्या यमुनाबाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो ऐकलं, कतली तरी पुढे करा. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवायला गेले तर तुझ्या बारशापर्यंत जावं लागलं. म्हणून आज कागद घेऊन बसले. फोनवर तू म्हणतेस, आजी मीटिंगमध्ये आहे, आणि मग मला काय बोलायचं होतं तेच मी विसरते. माझं शिक्षण तिसरी, अक्षर मुंगीच्या पायासारखं, तेव्हा सावकाश वाच. जाताना जे बोललीस त्यावरही मी येणार आहे, पण माझ्या चालीनं येऊ दे.

आधी तू विचारलंस ते. ऑफिसात नव्या मुलांना वेळ कशी सांभाळायची ते शिकवायचं आहे म्हणालीस, आणि हसत म्हणालीस, आजी, तू पाच घरच्या पोळ्या कशा उरकायचीस ते सांग, तेच सांगते त्यांना. तर ऐक. पहिलं, लांबचं घर आधी. जवळचं घर कधीही होतं, म्हणून ते नेहमी राहतं. मी सहा दहाची बस धरून आधी शनिवार पेठेत सुनीतीबाईंकडे जायची, मग एकेक घर करत बिबवेवाडीकडे मागे यायची. दुसरं, कोणाला दोन मिनिटं म्हणायचं नाही. दोन मिनिटं कोणाचीच नसतात. सुनीतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांच्याकडे पाच मिनिटं उशीर झाला तर दार उघडून म्हणायच्या, या, आज उद्याच्या पोळ्या करायला आलात का. तिसरं, कणीक भिजवली की झाकून ठेवायची आणि तिच्याकडे बघायचं नाही. अर्धा तास ती नुसती पडून असते, पण पोळी त्या अर्ध्या तासातच होते. घाई केलीस तर पोळी ताटात वातड होऊन सूड उगवते. तुझ्या फोनमध्ये ते रंगीत चौकोन दाखवलेस ना, पंधरा पंधरा मिनिटांचे, त्यात कणीक मुरायला एकही चौकोन नव्हता. मी मुद्दाम बघितलं.

तुझी आई मला सगळं सांगते, तिच्यावर रागावू नकोस. अस्मिता म्हणते, पोरगी विमानाच्या आधी चार तास विमानतळावर जाऊन बसते. लग्नाला जाते तर मांडव घालणारे अजून खांब रोवत असतात. झोपताना तीन गजर लावते आणि तिन्हींच्या आधी जागी होते. अस्मिताला वाटतं तू शिस्तीची आहेस, आजोबांवर गेलीस. मलाही तसंच वाटायचं, परवापर्यंत.

आजोबा शिस्तीचे होतेच. पीएमटीत टाइमकीपर, बत्तीस वर्षं स्टँडवरच्या त्या खोक्याएवढ्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी कधी आली, कधी सुटली हे लिहिलं. मला घड्याळ वाचता येत नव्हतं. लग्नानंतर त्यांनीच शिकवलं. परातीत कणकेचे बारा गोळे मांडले, मध्ये एक लाटणं आणि एक उलथनं ठेवलं आणि म्हणाले, हा मोठा काटा, हा छोटा. चार दिवस आमच्या घरी असं घड्याळ व्हायचं आणि मग त्याच्याच पोळ्या व्हायच्या. आणि शिकले ते काय केलं मी, तर भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे करून ठेवलं, सहा दहाची बस चुकू नये म्हणून. त्यांना ते अजिबात सहन व्हायचं नाही. म्हणायचे, बाहेर मी मिनिटामिनिटाचा हिशेब लिहितो आणि घरात बायको खोटी वेळ लावते. म्हणायचे, अगं, पुढे आहे हे तुलाच माहीत आहे, मग फसवतेस कोणाला. खरंच होतं. घड्याळात सहा वाजले की मी मनात पाच चाळीस म्हणायची आणि आणखी एक घोट चहा घ्यायची. जगात एवढी मोठी लबाडी मी एकटीच करत नव्हते, चाळीतल्या निम्म्या घरांत घड्याळं पुढे होती. पण त्यांनी कधी हात लावला नाही. फक्त तुझ्याकडे बघून म्हणायचे, भागू, हे घड्याळ एकदा कोणीतरी बरोबर करा रे.

आता येते तिथे.

परवा तू दीड पोळी खाल्लीस, वर बघितलंस, मग फोनमध्ये बघितलंस आणि म्हणालीस, आजी, हे अजून वीस मिनिटं पुढेच आहे. मी तव्यापाशी होते, हो म्हणाले. मग तू ताट सारलंस आणि सगळं एका दमात बोललीस. की आजोबा दवाखान्यात होते तेव्हा तू तिसरीत होतीस, शाळेतून आल्यावर स्टुलावर चढून, टीव्हीतल्या बातम्यांची वेळ बघून ते घड्याळ तूच बरोबर केलंस, आजोबा घरी आले की खूश होतील म्हणून. की मी सवयीनं वीस मिनिटं वजा केली, म्हणून भेटायला उशिरा पोचले, म्हणून ते एकटे गेले. की संध्याकाळी घड्याळ परत पुढे दिसलं, त्यामुळे कितीतरी वर्षं तुला ते स्वप्न वाटलं, आणि कॉलेजात असताना एकदम कळलं की स्वप्न नव्हतं. म्हणालीस, बाबा एकोणीस वर्षं तुझ्याशी धड बोलत नाहीत ते माझ्यामुळे. रविवारी आजोबांच्या तिथीला बाबा येतील तेव्हा मी सांगणार आहे. मग तुझी गाडी खाली येऊन उभी राहिली, तुझा फोन वाजला आणि तू गेलीस. मी काय म्हणाले, तर पोळी खाऊन जा. तव्यावरची पोळी काळी झाली होती. तू जिन्यावरून दिसेनाशी झालीस तरी चिमटा माझ्या हातातच होता.

भागू, मला त्याच दिवशी माहीत होतं.

पोळ्या उरकून मी दोनला घरी आले तेव्हा स्टूल घड्याळाखाली होतं आणि त्यावर तुझ्या ओल्या पावलांचे ठसे होते, पाचही बोटांचे. तू पलंगावर झोपली होतीस. मी घड्याळ बघितलं आणि मला हसू आलं. तरी खात्री नव्हती. मग मागच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा साडेतीनला झाली, आणि आपल्या घड्याळात साडेतीनच वाजले होते. म्हणजे वेळ मला नीट ठाऊक होती. वीस मिनिटं मी वजा केली नाहीत. आत्तापर्यंत हे मी कोणाला सांगितलं नाही, देवापुढेसुद्धा नाही. त्याला माहीतच असणार म्हणून सोडून दिलं.

आदल्या दिवशीचं सांगते. अतिदक्षता विभागात पाच ते साडेपाच एवढीच भेट, पास एक, माणूस एक. नववा दिवस होता. नळ्या ओढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा राहिला होता, ते सारखे तिकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून बोटं हलवली, सोड म्हणून. मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, नाही आजी, हात लावू नका. त्यांनी परत बोटं हलवली. मी म्हणाले, उद्या येते, उद्या सोडते. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मी दाराबाहेर जाईपर्यंत ते बघत राहिले. ज्या माणसानं मला कणकेचं घड्याळ मांडून दाखवलं, त्याच्याशी मी खोटं बोलले आणि त्याला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी नंदू, तुझा बाबा, रजा टाकणार होता. मला जाऊ दे म्हणाला. मीच म्हणाले, तू कंपनीत जा, आज मी जाते, मी त्यांना शब्द दिला आहे. आणि मग काय केलं मी. रिक्षाला पंचवीस मिनिटं लागायची, साडेचारला निघायला हवं होतं. चारला मी परत अंघोळ केली. सव्वाचारला तांदूळ निवडायला घेतले, सकाळीच निवडून ठेवलेले होते ते. पावणेपाचला यमुनाबाईंच्या पाहुण्यांच्या चार पोळ्या करून दिल्या, त्या नको नको म्हणत होत्या. पाचला नेसलेलं पातळ सोडून दुसरं नेसले. हात भराभर चालत होते बघ, बघणाऱ्याला वाटलं असतं बाई किती कामात आहे. प्रत्येक मिनिटाला मी घड्याळाकडे बघत होते आणि ते बरोबर आहे हे मला माहीत होतं. पाच दहाला निघाले. दवाखान्याच्या दाराशी पाच पस्तीस झाले होते. वॉचमन म्हणाला, मावशी, उद्या या.

आणि मला हलकं वाटलं. हेच ते. एकोणीस वर्षं घशात अडकलं आहे ते हेच. मला आत जायचं नव्हतं. ते हात मला बघायचे नव्हते.

सात दहाला यमुनाबाईंकडे फोन आला. बाकी सगळं तुला आठवतच असेल, नको तेच आठवतं लहानपणीचं. नंदू कंपनीतून धावत यायच्या आधी मी स्टूल घेतलं आणि घड्याळ परत वीस मिनिटं पुढे केलं. कोणी विचारलंच असतं तर बोट तुझ्याकडे गेलं असतं. त्यात माझा काही मोठेपणा नाही. उशीर माझा होता, तो आठ वर्षांच्या पोरीच्या नावावर कसा टाकू. नंदू आला, त्याला कळलं मी आत गेलेच नाही. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. म्हणाला, वा, घड्याळ वीस मिनिटं पुढे आणि आमच्या मातोश्री पाच मिनिटं मागे. त्यानंतर तो माझ्या हातची पोळी जेवला नाही. सहा महिन्यांत तुम्ही हडपसरला गेलात. दर तिथीला येतो, फोटोला हार घालतो, पाणी पितो, घड्याळाकडे एकदा बघतो आणि जातो. वाटायचं, त्याचा राग खोटा तर नाही, मग खोडायचा कशाला. पण त्या खोट्या घड्याळाखाली तूही एकोणीस वर्षं उभी होतीस, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. मी समजले पोर झोपली होती, विसरली असेल. तुझं ते चार तास आधी जाणं, ते तीन गजर, ते सगळं माझ्याच स्टुलावरून निघालं. त्याची माफी कशी मागतात मला माहीत नाही.

तर त्या मुलांना काय सांगायचं, ते हे सांग. वेळ पुरत नाही हे निम्मं खोटं असतं. मला त्या दिवशी वेळ पुरली होती, उरली होती, चार पोळ्या फुकट करून देण्याइतकी उरली होती. ज्या कामाला माणूस भितो ते काम कधी वेळेवर होत नाही, घड्याळ कितीही पुढे करून ठेवा. म्हणून सकाळी उठल्यावर आधी स्वतःला विचारायचं, आज मला भीती कशाची वाटते आहे, आणि चहाच्या आधी ते करून यायचं. लांबचं घर आधी म्हणाले ना, ते हेच गं. मी रस्ता पायांनी शिकले, मनानं शिकायला एवढी वर्षं गेली.

हे पत्र उद्या सकाळी दीपाली तुझ्या ऑफिसात आणून देईल, खालच्या मजल्यावरची, तिचं ऑफिस तुझ्या शेजारच्याच इमारतीत आहे. टपालावर सोडलं असतं तर रविवार उलटून गेला असता, आणि रविवारच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं, त्यासाठीच लिहिलं. तू बाबाला काही सांगायचं नाहीस, कारण सांगण्यासारखं तुझ्याकडे काहीच नाही. सांगायचं आहे ते माझ्याकडे आहे. नंदू दरवर्षी बाराला येतो, काल मी त्याला फोन केला आणि अकराला ये म्हणाले. त्यानं का म्हणून विचारलं नाही, बरं म्हणाला. तो ऐकून उठून जाईल किंवा बसेल, ते त्याचं तो बघेल, मला आता त्याची भीती धरून तांदूळ निवडत बसायचं नाही. तू साडेबाराला ये. आधी येऊन जिन्यात उभी राहू नकोस. कणीक मी नंदूचीही भिजवणार आहे, सकाळीच, मुरायला वेळ लागतो. आज सकाळी स्टूल घेतलं, यमुनाबाईंनी खालून धरलं, आणि शाळेची घंटा ऐकून घड्याळ लावलं. आत्ता त्यात सव्वाचार झाले आहेत. खरे सव्वाचार.

तुझीच,
आजी