उजव्या बटणाची पट्टी

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

अक्षर बघून हे पत्र शेजारच्या पहिलीतल्या पोराने लिहिलंय असं समजू नकोस. मीच लिहितेय, डाव्या हाताने. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाचं घालतेस, म्हणून हा खटाटोप.

घाबरू नकोस. गेल्या गुरुवारी लाँड्रीत माझा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. शर्टाचा प्रेस तुला माहीत आहे, खाली गादी आणि वर तापलेली थाळी. थाळी खाली आली आणि हात आतच राहिला. चार-पाच सेकंद असतील. शेजारच्या मशिनवरची थोरली (आमच्यात सगळ्यात जुनी, म्हणून थोरली) धावत आली आणि तिने थाळी वर केली. मुकादमाने भराभर टूथपेस्ट चोपडली आणि मला कंपनीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, मलम लावा.

मलाही तसंच वाटतंय. हाताच्या पाठीवर कडेकडेने नुसती आग होते, पण मधोमध, जिथे सगळ्यात जास्त भाजलं, तिथे काहीच दुखत नाही. पांढरं, कोरडं झालंय, बोट लावलं तरी कळत नाही. आई म्हणते, थोडक्यात निभावलं.

मालक चांगला वागला. महिन्याचा पगार आणि वर थोडी रक्कम देतोय. पंधरा तारखेला एका कागदावर सही करायची आहे. माझ्या हलगर्जीपणामुळे हे झालं आणि पुढे माझी काही मागणी नाही, असं त्यावर लिहिलंय. चूक माझीच होती, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सही डाव्या हाताची चालते का, तेवढं विचारायचं राहिलं.

आईचा तुला नमस्कार. तुझी ओरड पोस्टाने निघणार हे ठाऊक आहे, त्याच पाकिटात थोडी मायाही घाल.

तुझी,
ठमी


ता. ६ फेब्रुवारी

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

आधी एवढंच वाच, बाकीचं नंतर. सही करायची नाही. पत्र मिळेल त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या भाजलेल्यांच्या विभागात जायचं. आणि पुन्हा कोणी टूथपेस्ट घेऊन जवळ आलं तर त्याच्याच तोंडाला फासायची. भाजल्यावर लगेच वीस मिनिटं नळाखाली हात धरायचा असतो, बाकी काही नाही. एवढा मोठा कारखाना आणि एकालाही हे माहीत नाही?

दुखत नाही म्हणून काय खूश होतेस गं! तीस वर्षं मी भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली. जो बोंब मारायचा त्याची आम्हाला काळजी कमी, कारण त्याच्या कातडीतल्या नसा शाबूत असायच्या. जिथे पांढरं पडलंय आणि स्पर्श कळत नाही, तिथे भाजणं खोल गेलंय. नसाच जळल्यात, मग दुखणार काय? ती जागा आपोआप नीट भरत नाही. बहुतेक मांडीची कातडी काढून लावतील. त्यानंतरही व्रण वर्ष-दीड वर्ष आकसत राहतो आणि बोटांना मागे ओढतो. मूठ वळेल की नाही, हे आज तुला सांगता येणार नाही, डॉक्टरला नाही आणि मलाही नाही. मग तुझ्या मालकाला पंधरा तारखेच्या आत ते कसं कळलं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्याला एवढी घाई कशाची आहे, ते जरा ओळख.

आता मला एक सांग. नोकरी लागली तेव्हा तूच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस की दोन बाजूंची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती थाळी खाली येतच नाही. दोन्ही हात बाहेर हवेत, म्हणूनच तशी केलेली असते ना? मग तुझा उजवा हात आत काय करत होता?

खरं काय ते लिही. मी रागावले तरी तुझीच आहे, एवढं लक्षात ठेव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या


ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. इथल्या डॉक्टरांनी हात बघितला आणि मला घरी जाऊच दिलं नाही. मांडीची कातडी हातावर लावली. गंमत म्हणजे आता हातापेक्षा मांडीच जास्त ठणकते. तुझ्या हिशेबाने हे उत्तमच म्हणायचं! सही केली नाही.

आता कबुली. मघापासून पेन हातात धरून बसलेय. उजवं बटण मी बांधून ठेवलं होतं. कापडाच्या पट्टीने, कायमचं दाबलेलं राहील असं. मग डाव्या हाताने दुसरं बटण दाबायचं आणि उजव्या हाताने शेवटच्या क्षणापर्यंत कॉलर सरळ करायची. शर्ट निम्म्या वेळात होतो. आम्ही आठही जणी तसंच करतो. पट्ट्या रफूवाल्या बाई शिवून देतात, दोन्ही कडा दुमडून, वर लाल दोऱ्याने मशिनचा नंबर काढून. मालकाला दशा निघालेलं कापड डोळ्यांसमोर चालत नाही! तपासणीचे साहेब आले की मुकादम दारातून टॉवेल संपले म्हणून ओरडतो आणि आम्ही पट्ट्या सोडून खिशात टाकतो.

त्या दिवशी थोरलीने माझी पट्टी ओढून काढली आणि माझ्या अॅप्रनच्या खिशात कोंबली. ती तशीच घरी आली. आणि आईने काय केलं असेल? धुतली, कडक इस्त्री केली, घडी घातली आणि परक्याचं कापड घरात नको म्हणून मुकादमाच्या हातात नेऊन दिली! तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं. लाँड्रीतला रुमालसुद्धा आम्ही कधी घरी ठेवत नाही.

आता मुकादम म्हणतो, कसली पट्टी? बांधायला कोणीच सांगितलं नव्हतं, हिचा एकटीचा उद्योग. इथल्या सिस्टरने कसं झालं विचारलं, तेव्हा मीही माझ्या चुकीने म्हणून सांगितलं. तिने केसपेपरवर तेच उतरवलं. मला खूप लाज वाटतेय, आत्या. हात माझा, गाठ माझी, मग भरपाई कोणत्या तोंडाने मागू?

आई दोन दिवस धड जेवलेली नाही. तिच्यासाठी दोन शब्द वेगळे लिही, आणि उरले तर मला.

तुझी,
ठमी


ता. २८ फेब्रुवारी

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

वहिनीला सांग की जगात एवढ्या नीटनेटकेपणाने पुरावा परत करणारी बाई दुसरी होणार नाही, आणि मी तिच्यावर अजिबात रागावलेली नाही. तिला पोटभर जेवायला सांग. उपाशी राहून पट्टी परत येणार आहे का?

माझ्या एका जुन्या पेशंटची मुलगी वकील आहे, कामगारांचेच दावे चालवते. तिला भेटून आले. वकीलबाई म्हणाल्या, सगळा दावा एका गोष्टीवर उभा आहे. मालकाने बजावूनही कामगाराने आपल्या मनाने बचावाची सोय निकामी केली, असं ठरलं तर भरपाई हातची जाऊ शकते. पण सगळ्यांकडून तसंच करून घेतलं जात होतं आणि मालकाला ते चालत होतं, हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा पट्टी बांधली हे लपवायचं नाही. विचारलं की हो म्हणायचं, मान वर करून. फक्त तिथेच थांबायचं नाही, कोण कोण बांधतं आणि का बांधतं तेही सांगायचं.

लाजेचं म्हणशील तर ऐक. सहा वर्षं तू त्या माणसाचे शर्ट निम्म्या वेळात केलेस. वाचलेला वेळ कोणाच्या घरी गेला? तुझ्या तर नाही ना?

वकीलबाईंना एक कागद हवाय. एक शर्ट प्रेसवर ठेवल्यापासून उचलेपर्यंत कोणता हात कुठे असतो, ते बारीकसारीक लिहून पाठव. आणि हाताला फळी दिली असेल ती काढायची नाही. पुढे घट्ट हातमोजा देतील, तो दिवसरात्र घालायचा. खाज सुटेल, रडू येईल, तरी घालायचा. व्रणाला सैल सोडलं की तो डोक्यावर बसतो.

तू माझ्या भावाची पोर आहेस, हार मानायची चाल आपल्या घरात नाही. उत्तराची वाट बघते.

तुझी,
आत्या


ता. १९ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आज पत्र लांबणार, पाणी घेऊन बस.

भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीत मालकाच्या वकिलाने माझा केसपेपर फडकवला. बघा, हिनेच सांगितलंय, स्वतःच्या चुकीने! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, बटण तू बांधलंस का? मी हो म्हटलं, आणि तू सांगितलंस तसं पुढचंही सांगितलं. पण साक्षीला कोण येणार? सगळ्यांची चूल त्या लाँड्रीवर. थोरली तर रस्त्यात दिसली की पलीकडे वळायची. रफूवाल्या बाईंना मालकाने रजेवर पाठवून दिलं.

तुझ्या त्या कागदाने वाचवलं बघ. शर्टाचं लिहायला बसले तर दोन बटणांनी काम कसं करायचं तेच आठवेना. डोळे मिटून हात हवेत फिरवले तर डावा बटणावर आणि उजवा कॉलरवर. सहा वर्षांत हातांनी दुसरं काही केलंच नव्हतं. तेव्हा डोक्यात आलं की मला आठवत नाही तर बाकीच्या सात जणींना तरी कुठून आठवणार? वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी अर्ज दिला की साहेबांनी लाँड्रीत यावं आणि प्रत्येकीने त्यांच्यासमोर फक्त दहा शर्ट करावेत. बस, एवढंच.

काल साहेब आले. टॉवेल संपले, पट्ट्या सुटल्या, सगळं कसं आदर्श! मालक हसून साहेबांना खुर्ची देत होता. पहिले दोन शर्ट सातही जणींनी दोन-दोन हातांनी, परीक्षेला बसल्यासारखे केले. तिसऱ्या शर्टाला कडेच्या मशिनवरचीने डाव्या हाताने बटण दाबलं आणि उजवा हात कॉलरवर ठेवला. थाळी हलली नाही. तिने पुन्हा दाबलं. पाचव्यापर्यंत पाच जणींचे उजवे हात आत होते आणि पाच मशिनं गप्प उभी होती. साहेबांनी मुकादमाला विचारलं, एवढी मशिनं एकदम बंद कशी पडली?

आणि थोरली हसायला लागली. खो-खो, पोट धरून, आणि हसता हसता रडायलाच लागली. तिने खिशातून पट्टी काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, आम्ही सगळ्या बांधतो, बांधल्याशिवाय इथे दिवसाचे शर्ट पुरे होत नाहीत, आणि पुरे झाले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. मग एकेकीने आपापली पट्टी तिथे ठेवली. लाल दोऱ्याचे सात नंबर. आत्या, मला इतकं रडू आलं की हातमोज्यालाच नाक पुसलं.

निकाल यायचा आहे, पण वकीलबाई आता शीळ घालत जिना उतरतात. मूठ अजून पाऊणच वळते. आई तुझी आठवण काढते, मी तर रोज काढते.

तुझी,
ठमी


ता. १४ नोव्हेंबर

चि. ठमी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि निकालाची नक्कल मिळाली. बटण बांधण्याची पद्धत मालकाच्या माहितीने आणि मालकाच्याच फायद्यासाठी चालू होती, हे वाक्य मी शेजारणीला, दूधवाल्याला आणि पोस्टमनला वाचून दाखवलं. पुढे करायच्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेला पगार आणि हाताच्या कायमच्या नुकसानीची भरपाई, सगळं मान्य! सातही जणी कामावर आहेत आणि दोन हातांनी काम करतात, हे वाचून जास्त बरं वाटलं. शाब्बास गं माझी बाय!

आता मला तुला काहीतरी सांगायचंय, आणि ते सोपं नाही. ऑगस्टच्या पत्रात तू केसपेपर लिहिणाऱ्या त्या सिस्टरला नावं ठेवली नाहीस. तुझा स्वभाव. पण मी सुनावणीचं वाचलं आणि झोप उडाली. कारण तो कागद मी लिहिलाय, ठमे. तुझा नाही, पण तसले शेकडो. बॉयलरवरचा, रंगाच्या कारखान्यातला, तेलाच्या कढईवरची. प्रत्येकजण कण्हत म्हणायचा, माझीच चूक, आणि मी खाली मान घालून लिहायची, स्वतःच्या चुकीने. पट्टी बदलायला माझा हात हलका म्हणून नाव होतं. पण तुझा हात आत काय करत होता, हे मी आयुष्यात फक्त एका पेशंटला विचारलं, कारण ती माझी भाची होती. त्यातल्या कितीजणांच्या दाव्यात माझं अक्षर फडकवलं गेलं असेल, कोण जाणे. त्याची भरपाई आता मी कोणाला देऊ?

नुसती रडत बसणारी मी नव्हे. सोमवारी वॉर्डात गेले. मोठ्या सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस बसायची परवानगी दिली. काल बेकरीतली एक बाई आली, कोपरापर्यंत भाजलेली. नव्या सिस्टरने कसं झालं विचारलं, तशी ती म्हणाली की माझीच चूक. सिस्टर लिहायला लागली. मी तिचं पेन धरलं, खुर्ची ओढून त्या बाईजवळ बसले आणि तिला म्हटलं की मला काही घाई नाही, सकाळी भट्टी पेटवल्यापासून सांग.

वहिनीला नमस्कार, आणि तुला या म्हातारीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुझी,
आत्या