पाळण्याची चौथी कळी

बाबा, आज सकाळी लाकूड कातायचा चरक पुन्हा बसवला. पावसाळ्यात जमीन ओल धरते, खुंट फुगतात, आणि दरवर्षी नवरात्राच्या आधी मला दोन्ही खुंट उपटून, खड्डे वाळवून, नव्याने ठोकावे लागतात. डावा खुंट पक्का, उजवा सरकता. दोघांच्या लोखंडी अण्या समोरासमोर आणायच्या, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. तुम्ही म्हणायचात, भांडलेली माणसं समोरासमोर बसली तरी नजर चुकवतात, या अण्यांनी चुकवता कामा नये. केसभर वरखाली झालं तरी मध्ये धरलेलं लाकूड फिरताना लंगडतं, आणि लंगडणारं लाकूड कधी सुटून तोंडावर येईल याचा नेम नाही. आज अण्या जुळल्या तरी मी दोरी लावली नाही. तशीच बसून राहिले. चुलीवरचा भात खाली लागल्याचा वास आला तेव्हा उठले, आणि भात उतरवून कागद घेऊन बसले.

आई गेली तेव्हा कल्याणच्या आपल्या घरात चरक कितीतरी दिवस मुका पडला होता. आपल्या कातारी लोकांत हत्यार पुरुषाच्या हातात आणि दोरी बाईच्या. लाकडाला दोन वेढे देऊन दोरीची दोन्ही टोकं ती धरते, एकदा हे ओढते, एकदा ते, आणि लाकूड पुढे-मागे फिरतं. आई दोरी ओढायची तेव्हा तुम्हाला तिच्याकडे बघावंही लागायचं नाही. ती गेल्यावर चुलत्यांनी सांगितलं, दुसरी बायको करा, नाहीतर दोरीला गडी ठेवा. तुम्ही दोन्हींतलं काहीच केलं नाहीत. एका सकाळी आईच्या पाटावर मला बसवलंत. पाय कुठे रोवायचे ते दाखवलंत, आणि दोनच शब्द शिकवलेत. 'हं' म्हटलं की ओढायचं, 'धर' म्हटलं की जिथे असेल तिथे दोरी ताणून थांबायचं. बाकी काही कळलं नाही तरी चालेल, म्हणालात, पण 'धर' ऐकल्यावर मनातसुद्धा काही येऊ द्यायचं नाही.

तुम्ही रागावलात असं मला एकदाच आठवतं, आणि तेव्हाही आवाज चढवला नव्हतात. मी न्हाऊन आले होते, वेणी ओली म्हणून मोकळी सोडली होती. ओढता ओढता मी पुढे वाकले आणि वेणी खांद्यावरून लाकडाकडे घसरली. "धर." मी थांबले. तुम्ही उठलात, आईच्या जुन्या लुगड्याची एक चिंधी आणलीत, फिरत्या लाकडाच्या जवळ नुसती लोंबती धरलीत आणि मला ओढायला सांगितलंत. डोळ्याचं पातं लवलं नाही तोवर चिंधी लाकडाभोवती आवळून बसली होती, आणि तुमच्या हातात राहिलेल्या टोकाच्या दशा निघाल्या होत्या. "ही चिंधी होती, बाय," एवढंच म्हणालात. त्या दिवसापासून मी केसांचा घट्ट अंबाडा घालते, बांगड्या वर सारून फडक्याने बांधते, पदर खोचते. दोरी लावण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघते, कुठे आपटत तर नाही. हत्यार टेकायची आडवी पट्टी लाकडापासून बोटभरच लांब ठेवते. लाख चढवायच्या वेळी ती पट्टी काढून ठेवते, कारण तिच्यात आणि लाकडात बोट सापडलं की बोट राहत नाही. हे सगळं मी अजून करते. करताना तुम्ही दिसता.

मग एकदा तुम्ही दोरी शेजारच्या काकूंच्या हाती दिलीत आणि हत्यार माझ्या. हळदूच्या लाकडाचा तुकडा होता, आंबिवलीच्या रानातून आलेला, पिवळाधमक. लाकूड आपल्याकडे येतं तेव्हा कापायचं, मागे फिरतं तेव्हा हत्यार नुसतं उचलायचं. श्वासासारखं आहे, म्हणालात, रोखून धरलंस तर दम लागेल. माझं पहिलं लाटणं एका बाजूला जाड झालं. तुम्ही ते विकलं नाहीत, टाकलंही नाहीत. आपल्या भाकऱ्या हातावरच्या, लाटण्याचं आपल्या घरी काय काम? तरी ते चुलीजवळ उभं असायचं.

माझं लग्न ठाण्याला ठरलं, कातारी घरातच. तुम्ही मुलाकडच्यांना विचारलंत की मुलीच्या हातात हत्यार द्याल का. सासऱ्यांना ती थट्टा वाटली, ते हसले, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात. मला आतल्या खोलीतून ते हसू ऐकू आलं होतं. पाठवणीच्या दिवशी माझ्या ट्रंकेत तुम्ही एक अरुंद पटाशी ठेवलीत. तिची मूठ माझ्या मुठीच्या मापाने कातलेली होती. माप कधी घेतलंत ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर ओसरीवर नवाच चरक. मुंबईला कुठेतरी बघून आला होतात आणि तसा बनवला होतात. खाली पायाने दाबायची फळी, बाजूला जड चाक, दोरी ओढायला कोणी नको. लाकूड एकाच दिशेला भरधाव फिरत होतं आणि तुम्ही लहान मुलासारखे माझ्याकडे बघत होतात. मी विचारलं, हे थांबतं कसं? पाय उचलला की थांबतं, म्हणालात. लगेच? लगेच नाही, चाकाचा जोर सरला की. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, बाबा, दोरीला माणूस ठेवा ना. तुम्ही पटाशीची धार अंगठ्यावर बघत होतात. वर न बघता म्हणालात, "तुझ्यानंतर तिथे कोणाला बसवू?"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाई कोण होती? म्हणून मी ठाण्यालाच राहिले. मुलगी झाली. सकाळीच धाकट्या दिरांना आगगाडीने तुमच्याकडे पाठवलं. मी बाजेवर पडल्या पडल्या मनात मोजत होते, आता ते पोचले असतील, आता तुम्ही ऐकलं असेल, आता तुम्ही निघाला असाल. संध्याकाळ झाली. सासूबाई म्हणाल्या, ताप आलाय तुझ्या बाबांना, उतरला की येतील. आमचे हे घरात नव्हते. कुठे गेलेत विचारलं तर म्हणाल्या, लाकूड बघायला. मी खरं मानलं. अंगात ताकद नव्हती, पोरगी दूध ओढत नव्हती, आणि त्या घरात तोवर मला कोणी खोटं सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी बारसं. अंगणातल्या बायका आत आल्या आणि पाळणा आणला. तुम्ही केलेला, सागाचा, तांबड्या-पिवळ्या लाखेचा. चारही कोपऱ्यांच्या खांबांवर कमळाची एकेक मिटलेली कळी. मला इतका आनंद झाला, बाबा, की मी लाज सोडून त्याच्यावरून हात फिरवू लागले. तुमची कळी मी डोळे मिटून ओळखते. देठाशी तुम्ही पटाशीच्या कोपऱ्याने एक रेघ मारता, दिसत नाही, नखाला लागते. पहिल्या कळीला रेघ, दुसरीला रेघ, तिसरीला रेघ. चौथीला नव्हती. रंग तोच होता, उंचीही तीच. माप बरोबर होतं, हात तुमचा नव्हता. बायका गाणं म्हणत होत्या आणि मी म्हटलं, ही कळी बाबांची नाही. गाणं थांबलं. कोणी माझ्याकडे बघेना. सासूबाईंनी माझ्या मांडीवरून पोर उचलून घेतली, तेव्हाच मला अर्धं कळलं. यांना बोलावलं. हे दारात आले.

"ही कोणी कातली?"

"मी," हे म्हणाले आणि उंबऱ्यावरच खाली बसले. नवऱ्याने बायकांच्या देखत असं खाली बसलेलं त्या घराने पाहिलं नव्हतं.

काय झालं ते दिरांनी मला नंतर सांगितलं, तेही रडत रडत. मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत हे ऐकून तुम्ही त्यांना मिठी मारलीत. गूळ दिलात. आत जाऊन स्वच्छ धोतर नेसलात, माझ्या लग्नातलं नवं उपरणं खांद्यावर टाकलंत आणि निघालातही. गाडीला अवकाश होता. पाळणा तयार होता, एक कळी तेवढी राहिली होती. तुम्ही दिरांना म्हणालात, "तुम्ही गूळपाणी घ्या, तोवर एवढी उतरवतो. नातीकडे अपुरा पाळणा कसा नेऊ?" ते ओट्यावर बसले होते. आत चाकाचा आवाज चालू झाला. तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात, असं ते म्हणतात. मग आवाज बदलला. ते धावले. उपरण्याचं टोक लाकडात सापडून गळ्याभोवती आवळलं होतं. तुमचा पाय फळीवरून केव्हाच निघाला होता, पण चाक आपल्या जोराने फिरतच होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून थांबवलं, त्यांच्या तळव्यांची सालं निघाली. तोवर उशीर झाला होता. तुम्हाला अग्नी यांनी दिला. ती अर्धी कळी यांनी चितेवर तुमच्या हाताशी ठेवली, आणि ठाण्याला येऊन, तिन्ही कळ्यांची मापं घेऊन, चौथी कातली. मला कळू नये म्हणून.

सव्वा महिन्यानंतर पोरीला घेऊन मी कल्याणला गेले. तो पायाचा चरक चुलतभावांनी फोडून जाळला होता, फार बरं केलं त्यांनी. माळ्यावर आपला जुना चरक होता, दोन्ही खुंट आईच्या दोरीने एकत्र बांधलेले. मी म्हटलं, हा मी नेणार. यांनी खुंट खांद्यावर घेतले. बंदरावरून कौलं घेऊन निघालेल्या एका पडावात आम्ही तो चढवला आणि खाडीखाडीने ठाण्याला आणला. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. ज्याने बाप घेतला तो माझ्या घरात नको, म्हणाल्या. मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, हा तो नव्हे, याच्या दोरीला माणूस असतो.

तरी तो कितीतरी महिने परसात तसाच पडून होता. एका दुपारी पोरगी झोपली होती, मी पहार घेतली आणि खड्डे खणायला लागले. खुंट ठोकले, अण्या जुळवल्या, लाकूड चढवून हाताने फिरवून बघितलं, दोरीचे दोन वेढे दिले. मग तुमच्या जागी बसले, पटाशी हातात घेतली, आणि समोरच्या पाटावर कोणी नाही हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागच्या दारातून हे बघत होते. मला वाटलं, आता हसतील किंवा रागावतील. यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, खुंटीला अडकवलं, समोर येऊन बसले आणि दोरीची टोकं धरली. "सांग," म्हणाले. मी 'हं' म्हटलं. लाकूड फिरलं, आणि मला काही दिसेना. मी 'धर' म्हणायच्या आधीच हे थांबले होते. दोरी ताणून धरून, माझं रडणं सरेपर्यंत बसून राहिले.

नवरा दोरीवर आणि बायको हत्यारावर, हे बघायला नौपाड्यापासून लोक आले. सासूबाई मागचं दार लावून घ्यायच्या. मग एक दिवस त्यांनीच ते उघडलं आणि म्हणाल्या, ताकाची रवी मोडलीय, कातून देशील का. त्यानंतर त्या घरात दुसऱ्या कोणी रवी केली नाही.

पुष्कळ वर्षं मी तुमच्यावर रागावले होते, बाबा. एका ओल्या वेणीसाठी चरक थांबवणारा माणूस, त्याने खांद्यावर उपरणं ठेवून बसावं? मला वाटायचं, तुम्ही मला फसवलंत. आता पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि गेल्या महिन्यात तिच्याकडून बातमी आली की तिला दिवस गेलेत. मी उठले, तशीच अंगणात गेले, परत आत आले, कशाला गेले होते ते आठवेना. पदर खोचलेला नव्हता, अंबाडा सुटला होता. तेव्हा मला तुमचं कळलं. तुम्ही काही विसरला नव्हतात. तुम्हाला आनंद झाला होता. आई गेल्यानंतरचा तुमचा तो पहिलाच आनंद असेल, आणि तो माझ्याकडून आला. हे मला चांगलंही वाटतं आणि सोसवतही नाही. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काय करू?

अक्षरं मला पोरीने शिकवली, ती शाळेत जायची तेव्हा. अजून जोडाक्षरं चुकतात. आणि खरं सांगते, तुम्ही असतात तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या कारकुनाकडे ते घेऊन जावं लागलं असतं, आणि मी तुमच्यासाठी रडते हे त्या परक्या माणसाने चारचौघांत मोठ्याने वाचलं असतं, तेव्हा तुम्ही मान खाली घालून ऐकत बसला असतात. मला ते बघवलं नसतं. टपालातल्या पत्रात मी एवढंच लिहिलं असतं की इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्ही तब्येतीला जपा.