लांब आतडं आणि लेकीच्या घरचं ताट

१२ जून १९७९, सेलू

सातवा दिवस. काही नाही.

पहाटे टमरेल घेऊन नाल्याच्या पार पलीकडे गेलो. तासभर बसलो. शेजारचा नत्थू आला, उरकलं, निघाला. जाताना विचारतो, "गुरुजी, अजून हायेच काय?" आहेच! अठ्ठेचाळीस वर्षं झाली, आहेच.

उद्या समुद्रपूरला जायचं. नलूच्या लग्नाला महिना झाला, तिच्या सासरी आमची पहिलीच खेप. बायको, म्हणजे आनंदाबाई, आत्तापासून बजावते आहे, "तिथं नाटकं नोका करू. इवायाकडचं जेवन हाय. चार घास तरी खाजा."

१३ जून १९७९

काय बेत होता! पुरणाच्या पोळ्या, वाटीभर तूप, पाटवड्यांचा रस्सा, भजे. आणि माझ्या पोटात जिनिंगमधली कापसाची गाठ. नुसत्या वासाने मळमळायला लागलं. ताट हलकेच पुढे सारलं, हात जोडले. म्हटलं, मला माफ करा, मी घेत नाही.

व्याह्यांकडचं ताट सारणं म्हणजे उभ्या उभ्या भांडण. नलूचे सासरे अण्णाजी तोंडाकडे पाहत राहिले. दारात नलू उभी, तोंड एवढंसं. कारण तर सांगायला हवं होतं. पण सांगू काय? कोठा अडला आहे म्हणून? विहीणबाईंसमोर?

तेवढ्यात विहीणबाईच, रुख्माबाई, बोलल्या, "समजलं मले. इवाई लेकीच्या घरचं खात नाईत. तिच्या पोटी लेकरू होईस्तोवर पान्याले बी शिवाचे नाईत. जुनी रीत हाय. आता कोन पाळते?"

अण्णाजींनी उठून मला नमस्कार केला.

मी खोटं बोललो नाही. फक्त मान हलवली.

१४ जून १९७९

नववा दिवस. पोट जागच्या जागी. कीर्ती मात्र आमच्या एस.टी.च्या आधी सेलूत पोचली.

२६ जानेवारी १९८०

झेंडावंदनाला शाळेत मलाच वक्ता केलं. आमच्याच शाळेतले किसनराव मास्तर ओळख करून देताना म्हणाले, "ज्यायनं लेकीच्या घरच्या पान्याले हात लावला नाई, असे गुरुजी!" विषय, संयम. पंचवीस मिनिटं बोललो. आजचा दहावा दिवस. पोटातल्या कळांनी आवाज कापत होता, लोकांना वाटलं गुरुजी गहिवरले. पुढच्या रांगेतल्या दोन बाया डोळे पुसत होत्या.

आणि त्या नत्थूने वेगळंच उठवलं आहे. गुरुजी पहाटे नाल्यावर तासभर जप करतात म्हणे. हे एकदम खोटं म्हणता येत नाही. देवाचं नाव घेतोच मी तिथे, आणि मनापासून घेतो.

९ मार्च १९८०

बंडूजी वैद्यांना शपथ घालून दुखणं सांगितलं. त्यांनी आजवर दिलेलं: हिरडा, सोनामुखी, एरंडेल, एरंडेलावर गरम दूध, दुधात तूप, तुपात मनुका. शेवटी म्हणाले, गुळाचा खडा तोंडात धरून उलटे चाला. गोठ्यात उलटा चाललो. गाईच्या अंगावर गेलो. तिचा कोठा लगेच साफ झाला.

२१ नोव्हेंबर १९८०

वर्ध्याच्या दवाखान्यात फोटो काढला. आधी खालून पांढरं पाणी भरतात. त्याचं वर्णन लिहिणार नाही. ही वही माझीच आहे, तरी नाही.

डॉक्टर तरणा पोरगा. फोटो उजेडाला धरून म्हणाला, "गुरुजी, तुमचं मोठं आतडं जन्मापासूनच लांब आहे. ही पाहा, किती वळणं!" पाहिलं. वर्ध्याहून समुद्रपूरला जाणारी एस.टी. इतकी वळत नाही. मग त्याने दम भरला. थोडं थोडं खायचं. एका बैठकीत भरपेट कधीही नाही. अशा आतड्याला पीळ पडतो, आणि पडला तर माणूस जातोसुद्धा.

आनंदाबाई बाहेर आल्यावर म्हणाली, "देवाले लांबीच द्याची होती, तं वावराची द्याची!"

मला मात्र बरं वाटलं. माझ्या हातून काही चुकलेलं नाही. माल मुळातच जास्त आहे.

१५ जानेवारी १९८१

संक्रांतीचं वाण घेऊन समुद्रपूरला. ताट मांडलं, मी हात जोडले, ताट उचललं. आता हा रिवाजच पडला. त्यांचे शेजारीपाजारी पाहायला येतात. नलूलाही वाटतं, बाप शास्त्राचा पक्का. लेकीच्या नजरेत मान असावा, याहून बापाला काय पाहिजे?

३ एप्रिल १९८१

अकरावा. एरंडेल.

४ एप्रिल १९८१

एरंडेल लागू पडलं. शाळेत, तिसऱ्या तासाला. जास्त लिहीत नाही.

२२ ऑगस्ट १९८२

आनंदाबाई पोळ्याला चार दिवस नलूकडे राहून आली. रात्री वाढताना भांडं आपटलं आणि सुरू झाली.

नलूच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली, मूल नाही. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. मी जाऊन आलो की प्रत्येक खेपेला रुख्माबाई ते न शिवलेलं ताट नलूपुढे ठेवतात आणि म्हणतात, "पाह्य. तुह्या बापाचं ताट कोनामुळं उपाशी उठते?" शेजारणी ऐकतात. आता गल्लीत म्हणायला लागल्या आहेत, गुरुजी इथं कधी जेवतात, जेवतात की नाही. परवा सासू म्हणाली, दिवाळीपर्यंत पाहू, नाही तर पोराचं दुसरं पाहू.

तीन वर्षं मी तिथे हात जोडून बसलो, आणि दर खेपेला पोरीच्या थोबाडीत मारून आलो. आणि वर नमस्कार घेतले!

आनंदाबाई म्हणाली, "सांगून टाका ना आतड्याचं. पाप हाय का ते?"

म्हटलं, इतक्या वर्षांनी काय सांगू? गावाने मला संयमावर बोलायला उभं केलं. आता विहीणबाईंपुढे परसाकडचं काढू?

"मंग पोरीले मरू द्या," म्हणाली, आणि आत गेली.

२३ ऑगस्ट १९८२

काल रात्रभर अण्णाजींना पत्र लिहीत बसलो होतो. 'मला बऱ्याच दिवसांपासून' इथपर्यंत लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा फाडलं. भित्रा आहे मी. आज शाळेत पोरांना शुद्धलेखनासाठी 'सत्य' शब्द दहादा लिहायला दिला.

१० सप्टेंबर १९८२

मार्ग सापडला! सांगायचं कशाला? जेवूनच टाकायचं. गुरुजींनी स्वतःच रीत मोडली की ताटही गेलं आणि टोमणाही गेला. माझा मान राहतो, वरून सुधारक म्हणून थोडा वाढतोही. आनंदाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर काय बोलला व्हता?" म्हटलं, एका जेवणाने कोणी मरत नाही.

उद्या निघतो. आज सहावा दिवस आहे, पण चालेल.

२८ सप्टेंबर १९८२, वर्धा, दवाखाना

आज बसून लिहिता येतं आहे.

११ तारखेला समुद्रपूरला ताट आलं. मी चांगलं मोठ्याने म्हटलं, "आजपासून ती रीत बंद. लेकीचं घर ते माझंच घर. मूल होवो न होवो, मी जेवणार." रुख्माबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. अण्णाजींचे डोळे भरले. आणि मग सुरू झाला आग्रह! तीन वर्षांचा आग्रह एका बैठकीत. घ्या इवाई, अजून एक. माह्या गळ्याची शपथ, अजून एक. नलू म्हणत होती, "बाबा, पुरे. मामंजी, नोका वाढू त्यायले." कोण ऐकतं? सात पोळ्या खाल्ल्या. आणि खरं सांगतो, पाटवड्या फार छान होत्या.

संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं. मग जी कळ उठली! पीळ पडला होता. अण्णाजींनी कोणाची तरी जीप काढली, वर्ध्यापर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्याच रात्री पोट फाडून हातभर आतडं काढलं.

सर्जन बाहेर येऊन सगळ्यांसमोर गरजले, "यांना दहा-दहा दिवस संडास होत नाही. जन्माचं दुखणं आहे. पोळ्या कोणी चारल्या यांना?" झालं. अब्रूचा पंचनामा तिथेच झाला.

३० सप्टेंबर १९८२

ऑपरेशन झाल्यापासून रुख्माबाई रोज डबा घेऊन यायच्या. मला काही खायला नव्हतं, डबा बाकीच्यांसाठी. पण वॉर्डाच्या दारातूनच हाक, "इवाई, वारा सरला काय?" ज्या बाईसमोर तीन वर्षं शब्द काढता आला नाही, ती तीस खाटांना ऐकू जाईल असं विचारायची. पाचव्या दिवशी सरला. शेजारच्या खाटेवरच्याने हात जोडले. रुख्माबाईंनी नर्सला पेढा दिला.

किसनराव मास्तर आज भेटून गेले. उठताना म्हणाले, "म्हंजे गुरुजी, ते शास्त्र नव्हतंच?" पार खचून गेले बिचारे.

रुख्माबाई नलूशी सरळ बोलतात आता. बाहेर व्हरांड्यात तिला म्हणताना ऐकलं, "मले काय माईत माय, इवायाच्या आतड्याचा राग मी तुह्यावर काढून राह्यली होती." दुसऱ्या लग्नाची गोष्ट कोणी काढत नाही.

१ ऑक्टोबर १९८२

आज नलू एकटीच उशाशी होती. म्हटलं, नलू, मला माफ कर. मी शास्त्र पाळतो असंच तुलाही वाटत होतं.

म्हणाली, "नाई बाबा. मले पयल्या दिवसापासून माहीत होतं."

म्हटलं, मग सासूला का नाही सांगितलंस?

"तुमी सांगाल म्हनून थांबली होती."