ओरोसला दर्या नाही

२५ ऑक्टोबर २००६
काल भाऊबीज उरकली आणि आज मी ओरोसला नातीकडे राहायला आले. आरोंद्याहून दोन एसट्या बदलल्या. मांडीवर सुक्या बांगड्यांची पिशवी. कंडक्टर नाक मुरडत होता, त्याला दोन बांगडे दिले, मग खिडकीची जागा मिळाली! जान्हवीला ऑफिसचं क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या, नळ घरात, शेजारी सुगंधाबाई बोलायला. दर्या मात्र कुठंच नाही. जन्मभर खाडीचा वास नाकात, इथं नुसती लाल माती. ही वही जान्हवीनंच दिली. म्हणाली, आजये, दिवसभर भिंतींशी बडबडतलंस, त्यापेक्षा लिही. मी तिसरी शिकलेली, पण अक्षर गोल आहे हो.

२७ ऑक्टोबर
ऑफिसातून आली की पोर कॉम्प्युटरला चिकटते. मालवणचा कुणी मितेश तासतासभर फोनवर. मी विचारलं, लगीन करतलंस काय गो तेच्याशी? तर लाल झाली आणि कामाचं सांगत सुटली. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सगळी व्यवस्था ही दोघं एका सीडीवर भरतायत. फुकट. कुणीही आत उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. चाळीस शाळांना वाटायची. तिच्यात छोटी छोटी पॅकेजं असतात, म्हणजे एकेका कामाची गाठोडी, हजारांनी, आणि सीडी एवढीशी. कुठलं घ्यायचं, कुठलं टाकायचं, यावर दोघांची भांडणं.

मी म्हटलं, ही तर माझी डोक्यावरची पाटी! शिरोड्याच्या बाजाराला निघताना सगळी मासळी कुठं मावायची? सुरमई दिसते छान, पण घेणारा एक. तारली घेणारे शंभर. जान्हवीनं टाळी वाजवली. चित्रांचं एक भलंमोठं पॅकेज गेलं, टायपिंग शिकवणारी चार छोटी आली. मितेश म्हणाला म्हणे, आजीक कमिटीत घेऊया.

२८ ऑक्टोबर
आज माझं नाव कॉम्प्युटरात गेलं! सांगते.

प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर पॅकेज बाहेर. एक होतं भरती-ओहोटीचं, विजयदुर्गच्या सुदेश नावाच्या माणसानं केलेलं. त्याला तीन पत्रं गेली, उत्तर नाही. म्हणून काढणार होते. मी म्हटलं, दाखव तरी. गाव आणि तिथी सांगितली की भरतीची वेळ येते. आरोंदा, अष्टमी घातली. सहा! आठाचे पाऊणपट सहा. तिथीचे पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, सासऱ्यांनी शिकवलेली ही पाऊणकी त्या कॉम्प्युटरच्या डब्याला तोंडपाठ! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

गावांच्या यादीत शेवटी ओरोस होतं. जान्हवी हसली, आजये, ओरोसाक दर्या खंय? मितेश फोनवर म्हणाला, चुकीचं आहे, टाकूया. मी हट्टाला पेटले. एक बांगडा नरम निघाला म्हणून कुणी पाटी ओततं काय? सांभाळणारी म्हणून माझं नाव घाल. घातलं. शेवंती, आरोंदा. आनंदानं दोन घास जास्त जेवले.

३० ऑक्टोबर, अष्टमी
सकाळी चहा ठेवताना पायाखाली ओलं. सुगंधाबाई म्हणाली पाइप फुटला असेल. पाइप कोरडा. बोट बुडवून चाटलं. खारट.
घड्याळात सहा वाजले होते.

३१ ऑक्टोबर, नवमी
नवाचे पाऊणपट पावणेसात. मी मुद्दाम बसून राहिले. जान्हवी न्हाणीत होती.
पाणी दाराखालून नाही आलं. कॉम्प्युटरच्या टेबलाखालून आलं. आवाज नाही. घोट्यापर्यंत चढलं, थोडी वाळू टाकली, परत गेलं. जान्हवी बाहेर आली तर नुसती ओली फरशी. म्हणते, किती पुसतंस आजये, घसरून पडशील.

२ नोव्हेंबर, द्वादशी
नऊ वाजता गुडघ्याएवढं. ती ऑफिसला गेल्यावर. तांदळाचं पोतं भिजलं, मी पलंगावर पाय घेऊन बसले.

संध्याकाळी तिला ते पॅकेज उघडायला लावलं. ओरोसखाली नवी गावं. कसाल पहिलं. मोजली, चाळीस. शाळांची गावं, एकालाही किनारा नाही. मी विचारलं, तू घातलीस? ती म्हणाली, तूच ना सांभाळणारी, तुझंच नाव आहे पुढे. गंमत वाटली तिला. प्रत्येक गावापुढे पौर्णिमेची भरती दिलीय, सव्वाअकरा. आणि त्यापुढचा ओहोटीचा रकाना— कोरा.

काढ ते, म्हटलं. पाण्याचं सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

४ नोव्हेंबर, चतुर्दशी
काल रात्री माझं मन राखायला तिनं ते काढलं. तर सीडीच बनेना. टायपिंगचं पॅकेज म्हणतं, भरतीवाचून मी चालणार नाही. पाढ्यांचं तेच. सगळ्यांचं तेच. मितेशही चक्रावला. शेवटी परत घातलं.

उद्या रविवार, घरी बसून चाळीस सीड्या करायच्या. सोमवारी वाटायच्या.

आज साडेदहाला कमरेपर्यंत. ती ऑफिसात होती. दाराची कडी निघेना, पाण्यानं दाबून धरलेली.
उद्या ती घरी असेल.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
दहा वाजले. बारा सीड्या झाल्या. जान्हवीला बाजारात पाठवलं. नारळ हवा, पेढे हवेत, कसालहून आण म्हटलं, तिथलेच हवेत. रागावली, पण गेली.

कडी लावली. बारा सीड्या कोयत्यानं फोडल्या. कॉम्प्युटरचा डबा टेबलावरून उचलून खाली फरशीवर ठेवला, वायरींसकट. पाणी येऊ दे. बुडू दे त्यालाच. मग चाळीस गावांत काही जाणार नाही.

अकराला पाच कमी. येतंय. डब्यातूनच येतंय.

मी टेबलावर चढलेय. डबा बुडाला. पण दिवा जळतोय. पाण्याखाली हिरवा— घरघर चालूच आहे—

पडद्यावर तेरावी सीडी. आपोआप. मी काही दाबलं नाही.

सव्वाअकरा झाले. छातीशी आलं. वही वर धरून लिहि—

साडेअकरा. उतरत नाही. पाऊणकीप्रमाणे आता उतरायला—

जान्हवीची हाक. दाराशी. एवढ्यात कशी— कसालला दुकानात कळलं, पैशाची पिशवी घरीच राहिली म्हणते. दार ढकलतेय. कडी मी लावली होती ना, हलतेय कशी—

जानू, ढकलू नको गो, बाहेरच थांब, आत